लाल ओळी बंद झाल्या तेव्हा

तुमच्या घरातल्या लेकराचं नाव कोणाच्या मरणावर ठेवलंय, सांगता येईल? पटकन मान हलवू नका. किल्लारीच्या पट्ट्यात हा प्रश्न विचारला, की माणसं आधी जमिनीकडं बघतात आणि मग बोटं मोजायला लागतात. त्र्याण्णवच्या भूकंपात जी गेली त्यांची नावं रिकामी राहू द्यायची नाहीत, हे तिथं कोणी सभा घेऊन ठरवलं नव्हतं. पण पुढं ज्याच्या घरी पाळणा हलला, त्यानं आपलं गेलेलं माणूस त्यात घातलं. गेलेलं माणूस एक आणि त्याला रडणारे भाऊ तीन, तर एकाच नावाचे तीन पाळणे. बारशाला आलेल्या बाया नाव ऐकून गप्प व्हायच्या आणि मग जास्तच मोठ्यानं पाळणा म्हणायच्या.

दयानंद बिराजदारची थोरली बहीण पुनम बारा वर्षांची होती. शाळेत पहिली यायची. आई, बाप अमृतराव आणि पुनम, तिघंही एका भिंतीखाली गेले. आठ वर्षांचा दयानंद तेवढा उदगीरला मामाकडं गेलेला, म्हणून राहिला. परत आणलं तेव्हा घर कुठं होतं ते त्याला कळेना. चुलते शेषेराव एका दगडाच्या ढिगाकडं हात करून म्हणाले, हे आपलं. त्यानंतर दयानंदला शेषेरावांनी आणि साखराबाई काकूनं वाढवलं. तीन-चार वर्षांनी शेषेरावांना मुलगी झाली, तिचं नाव पुनम. सहा महिन्यांनी धाकटे चुलते माणिकप्पा, त्यांना मुलगी झाली, तिचंही नाव पुनम. भावकीत एकीला थोरली म्हणायचे, दुसरीला धाकली. दोघी दयानंदला दादा म्हणायच्या, आणि हाक मारताना त्याच्या तोंडात ते नाव दर वेळी थोडं अडखळायचं.

शाळेत घालताना शेषेरावांनी दयानंदच्या बापाच्या जागी स्वतःचं नाव लावलं होतं. मायेनंच लावलं. पण भूकंपाच्या सरकारी यादीत अमृतरावांचं. दोन हजार दोन साली पोरगं बारावी होऊन प्रवेशाच्या खिडकीपुढं उभं राहिलं, तेव्हा आतल्या बाबूनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्म्यावरून बघितलं आणि रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "एका बापाचा हायस का दोघांचा, ते ठरवून ये."

रांग हसली. दयानंद कागद घेऊन वळला तो कुठल्याच कॉलेजच्या खिडकीवर पुन्हा गेला नाही. लातूरला ट्यूशन एरियात त्या वेळी गल्लोगल्ली क्लास फुटत होते, आणि प्रत्येक क्लासला रोजचे पेपर छापून हवे असत. एका डीटीपीच्या दुकानात तो टायपिंगला लागला. तिथंच, पेपर टाइप करता करता, जुन्या पुस्तकांतून आणि चुकांतून संगणक शिकला. चार वर्षांत तो क्लासवाल्यांना हजेरीचे, निकालाचे प्रोग्राम लिहून द्यायला लागला. कोणी विचारलं कुठं शिकलास, तर सांगायचा, "हाकललं होतं तिथं."

हा माणूस तापट होता, पण एक गोष्ट त्यानं मनाशी घट्ट बांधली होती. आपण लिहिलेलं यंत्र कोणाला खिडकीवरनं परत पाठवणार नाही.

दोन हजार चौदा साली त्याला नांदेडच्या रेणुकादास सरांनी बोलावून घेतलं. सरांचे क्लास मोठे, विष्णुपुरीच्या रस्त्यावर भाड्यानं घेतलेले चार हॉल, प्रत्येकात संगणकांच्या रांगा. दर वर्षी खेड्यातल्या साठ मुलामुलींना ते मेडिकलची तयारी फुकट करून द्यायचे, राहणं-जेवण धरून. या साठांसाठी निवड परीक्षा असायची आणि तिच्यात दुसऱ्याच्या नावावर पेपर देणारे घुसायचे. सरांना ते बंद करायचं होतं. म्हणून त्यांनी ठरवलं की प्रत्येक परीक्षार्थीला एक लाल पेनड्राइव्ह द्यायचा आणि त्यात त्याचं डिजिटल सर्टिफिकेट घालायचं. हॉलमधल्या संगणकाला तो लावला, तरच पेपर उघडणार.

सर्टिफिकेट म्हणजे एक छोटी फाइल. तिच्यात एक ओळ असते, हे सर्टिफिकेट कोणाचं ते सांगणारी. त्या ओळीला सब्जेक्ट म्हणतात. देश, राज्य, गाव, घर, नाव. प्रत्येक तुकड्याच्या आधी एक तिरपी रेघ, मग तुकडा कशाचा त्याची खूण, मग बरोबरचं चिन्ह, मग मजकूर. संगणक ती ओळ रेघेरेघेला तोडून वाचतो. आता या ओळीत बापाचं नाव घालायला सांगितलं होतं. दयानंदनं ते काढलं आणि त्या जागी घर नंबर घातला. सरांनी कारण विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडं बापाचं नाव कागदागणिक बदलतं, घर नंबर सरकारनं दिलेला आहे, तो बदलत नाही. आणि एका घरात एकाच नावाच्या दोन पोरी नसतात. सरांना ते पटलं.

अर्ज खेड्यापाड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांतून यायचे होते. पहिल्याच दिवशी दयानंदच्या पडद्यावर लाल ओळींचा खच पडला. कोणी सुरुवातीची रेघ विसरलं, कोणी शेवटी एक जास्तीची मारली, कोणी तुकडा मोकळाच सोडला. एका पठ्ठ्यानं सब्जेक्ट म्हटल्यावर बायोलॉजी लिहून पाठवलं होतं. प्रोग्राम एकेकाला परत पाठवत होता. सगळ्यात जास्त परत जात होते किल्लारीकडचे, आणि त्याचं कारण दयानंदच्या ध्यानात यायला हवं होतं. पुनर्वसनाच्या गावात घराचा नंबर तिरप्या रेघांचाच असतो. आधी सेक्टर, मग रांग, मग घर. सी, रेघ, चौदा, रेघ, दोन. संगणक तिथं रेघ बघून ओळ तोडायचा आणि पुढं नुसता चौदा बघून चक्रावायचा.

किल्लारीच्या स्टँडजवळ मन्मथचं झेरॉक्सचं दुकान होतं. मन्मथ आणि दयानंद एका बाकावर शिकलेले. तिसऱ्या दिवशी मन्मथचा फोन आला. त्यानं आधी नांदेडच्या हवापाण्याची चौकशी केली, मग सांगितलं की दुकानापुढं चाळीस पोरी आणि त्यांचे बाप सकाळपासनं बसून राहिलेत, आणि बाया आता त्याच्या दुकानाला नाही, त्याच्या आईला शिव्या द्यायला लागल्यात.

"दयानंदराव, एक सांगू का," मन्मथ म्हणाला. "त्या खिडकीतला बाबू मेला असंल असं वाटलं होतं. तुमच्या संगणकात जिवंत हाय की."

दयानंदनं फोन ठेवला. तो बसला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. सुरुवातीची रेघ नसेल तर प्रोग्राम आता स्वतःच घालून घेणार होता. शेवटची जास्तीची पुसणार होता. ज्या तुकड्याला खूण नाही, जो समजत नाही, तो टाकून पुढं जाणार होता, कुरकुर न करता. आणि खेड्यातले दुकानवाले नेट अडकलं की बटण दोनदा दाबतात, म्हणून तीच ओळ पुन्हा आली तर जुनं सर्टिफिकेट गुपचूप रद्द करून नवं देणार होता. हे सगळं त्यानं रागानं लिहिलं, आणि रागानं लिहिलेलं दुसऱ्याला दाखवायची त्याला सवय नव्हती. तपासलं त्यानं एकट्यानंच. किल्लारीचे परत गेलेले अर्ज पुन्हा सोडले. एकही लाल ओळ नाही. सगळे आत.

पुढचे बारा दिवस पडदा स्वच्छ राहिला. नांदेडपासून उदगीर-देगलूरपर्यंत कुठूनही तक्रार नाही. सरांनी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. अर्धापूरच्या एका पालकानं केळीचा घड आणून ऑफिसात टांगला. दयानंद येता-जाता एक केळ तोडून खायचा आणि पडद्याकडं बघायचा. बघायला काही नव्हतं.

रविवारी तो गावी गेला, तेव्हा जेवताना त्यानं काकूला सगळं सांगितलं. कोणाला परत पाठवत नाही आता, एकालाही नाही. साखराबाईनं भाकरी थापायची थांबवली. तिनं विचारलं, पहिल्यांदा एवढी ओरड होती, ती सगळीच कशी थांबली?

"मी दुरुस्त केलं, काकू."

"त्या साली बी असंच झालं होतं," साखराबाई म्हणाली. "आदल्या वर्षी जमीन गुरगुर करायची. लोकांनी अर्ज केले, साहेब लोक आले. मग गुरगुर थांबली. समदे म्हनले, बरं झालं. मला तवाच झोप येईना. गुरगुरतंय तवर कळतंय तरी, कुठं हाय ते."

दयानंद हसला. थोरली पुनम ताट उचलायला आली. तिला लाल पेनड्राइव्ह मिळाला होता, तो तिनं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला होता. धाकलीलाही मिळाला होता; दोघी एकदमच परीक्षेला निघणार होत्या. थोरलीला दहावीला ब्याण्णव टक्के होते, बारावीला त्याहून जास्त. ओसरीवर शेषेराव एका पाहुण्याशी बोलत होते. उदगीरकडचं स्थळ होतं. शेषेरावांनी दयानंदला बाजूला घेऊन आपलं गणित सांगितलं. साठात नंबर लागला तर पोरगी नांदेडला. नाही लागला तर ज्येष्ठात लग्न. तिसरं काही नाही. पोरीला हे ठाऊक होतं. तिनं मान खाली घालून ताटं गोळा केली आणि जाता जाता दादाला एवढंच विचारलं, पेपर सुरू झाल्यावर लाइट गेली तर काय होतं?

काही होत नाही, तो म्हणाला. सगळं बघितलंय मी.

परीक्षेच्या दिवशी दयानंद पहिल्या हॉलमागच्या खोलीत मोठ्या यंत्रापुढं बसला होता. दहा वाजता पेपर उघडले. पडदा स्वच्छ. दहा-वीसला बाहेर गलका झाला. तो गेला तेव्हा तिसऱ्या हॉलच्या दारात सौदामिनी मॅडम उभ्या होत्या. परीक्षेची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं होती. त्यांच्या हातात काळा दोरा, दोऱ्याला लाल पेनड्राइव्ह. समोर थोरली. शेषेराव फाटकाच्या आत येऊन दोन्ही हात जोडून काहीतरी सांगत होते आणि रखवालदार त्यांना मागं लोटत होता.

मॅडमनी सांगितलं त्याचा अर्थ असा, की ही मुलगी दुसऱ्याच्या नावावर बसायला आली. संगणकानं पकडली. पडद्यावर स्वच्छ लिहून आलं, हे सर्टिफिकेट रद्द आहे, या नावाचा परीक्षार्थी पहिल्या हॉलमध्ये हजर आहे. त्यांनी पहिल्या हॉलमध्ये जाऊन पाहिलं. खरंच एक पुनम बिराजदार तिथं पेपर सोडवत बसली होती. गाव तेच, घर तेच.

"दादा," थोरली म्हणाली, "मी मीच हाय, सांगा ना ह्यांना."

दयानंदनं सांगितलं. ही माझी बहीण, आत बसलेली तीही माझी बहीण, दोघी खऱ्या. मॅडमनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याला बारा वर्षांमागची रांग आठवली. त्या म्हणाल्या, यंत्र तुमचं आहे ना? मग यंत्र खोटं बोलतंय असं लिहून द्या, मी आत सोडते. तो तिथंच उभा राहिला. किती वेळ ते त्याला नंतर सांगता आलं नाही. पण लिहून द्यायला त्यानं लगेच हात पुढं केला नाही, हे खरं आहे आणि ते त्यानं कधी लपवलं नाही. एवढी वर्षं ज्याच्यावर मान वर करून चाललो ते असं चव्हाट्यावर कसं खोटं म्हणायचं, या विचारात गेलेला वेळ त्या पोरीच्या वेळातून कापला गेला. तो भानावर आला तेव्हा अकरा वाजले होते आणि नियमानं दारं बंद झाली होती.

तो मागच्या खोलीत पळाला. एकच गोष्ट त्यानं यंत्राला विचारली, जी बारा दिवसांत विचारली नव्हती. पेनड्राइव्ह किती जणांना दिले? अकराशे चाळीस. चालू सर्टिफिकेटं किती? एक हजार त्र्याण्णव. एवढी माणसं कुठंच लाल न होता गेली होती. सत्तेचाळीस.

त्यानं एकेक नाव काढलं. पुनम, पुनम. साखरा, साखरा. सरजा नावाच्या तीन, एकाच गावातल्या. आडनाव तेच, गाव तेच, आणि घर नुसतं सी. भाऊबंदांना घरं एका सेक्टरात मिळाली होती. पुढची रांग आणि पुढचं घर, समजलं नाही म्हणून प्रोग्रामनं टाकून दिलं होतं. मग दुसरी पुनम आली ती त्याला पहिलीच वाटली, दोनदा बटण दाबलेली. भूकंपानं एक पुनम नेली होती आणि गावानं तिच्या दोन केल्या होत्या. दयानंदच्या माफीनं त्यांची पुन्हा एक केली. टाकून दिलेले तुकडे कुठं साठवले होते का? नाही. तेवढी जागा कशाला घालवायची म्हणून त्यानंच ते ठेवले नव्हते.

संध्याकाळी तो रेणुकादास सरांपुढं उभा राहिला. सरांनी शांतपणे सगळं ऐकलं. ते ओरडणारे नव्हेत. त्यांनी पाणी मागवलं, त्याला बसायला सांगितलं आणि म्हणाले की परीक्षा पार पडली आहे, वर्तमानपत्रात बातमी गेली आहे, शेहेचाळीस जण दारातूनच परत गेले आणि एकीचे वडील तेवढे भांडले. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील यादी काढली. वर लिहिलं होतं, तोतया परीक्षार्थी. खाली सत्तेचाळीस नावं.

"यावर तुझी सही लागेल," सर म्हणाले. "यंत्राची खात्री तू देतोस, म्हणून. ही यादी आपल्यातच राहत नाही, दयानंद. लातूरच्या क्लासना जाते, वसतिगृहांना जाते. पुन्हा असं कोणी करू नये."

त्या यादीत तेविसावं नाव थोरलीचं होतं. म्हणजे नंबर जाणार एवढंच नव्हतं. नांदेड-लातूरचं एकही दार तिला उघडणार नव्हतं, आणि का, ते तिला कोणी सांगणारही नव्हतं.

दयानंदनं कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर लिहिलं: या सत्तेचाळीस जणांत तोतया कोणी नाही. प्रोग्राम मी लिहिला. चूक माझी आहे. खाली सही, तारीख. ज्या हातानं सकाळी लिहिलं नाही त्याच हातानं. सरांनी ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. ते म्हणाले, तू म्हणतोस म्हणून मी मानू कसं? पुरावा आण. एकदोघांसाठी मी हॉल उघडणार नाही. सत्तेचाळीसपैकी चाळीस जण वीस जूनपर्यंत आपापला पेनड्राइव्ह घेऊन इथं आले, तर फेरपरीक्षा. पेनड्राइव्हवर चिकटवलेला नंबर आमच्या वाटपाच्या रजिस्टरात आहे, तो जुळला पाहिजे. एकोणचाळीस आले, तर यादी जाईल.

त्या दिवसापासून दयानंद आणि मन्मथ जीपनं हिंडतायत. जितकं सोपं वाटलं होतं तितकं ते नाही. एका गावात पेनड्राइव्ह ट्रॅक्टरवर सापडला, आतलं सगळं पुसून गाणी भरलेली; नंबरचा कागद तेवढा बाहेर चिकटून होता, म्हणून वाचला. दुसरीकडं बापानं तो विहिरीत फेकला होता, पोरीनं तोंड काळं केलं म्हणून. तिसऱ्या घरात तर आई म्हणाली, आमची पोरगी परीक्षेला बसलीच न्हाई, आणि आतल्या खोलीत कोणीतरी रडायचं थांबलं. पोरीच आपण काहीतरी केलं असेल असं धरून बसल्यात. यंत्रानं सांगितलं म्हटल्यावर घरचं माणूस कोणाचं ऐकणार?

थोरली रोज पुस्तक उघडून बसते आणि पान उलटत नाही. धाकलीचा नंबर साठात लागला, पण ती जायला तयार नाही. माझ्यामुळं तिचं गेलं म्हणते. शेषेरावांनी उदगीरच्या पाहुण्यांना वीस तारखेपर्यंत थांबवलंय. थांबवलंय म्हणजे, तारीख एकवीस धरलीय. साखराबाई काकू दारात बसून जीप यायची वाट बघते आणि आकडा विचारते. काल तेहतीस होता.

सात हवेत. सर्टिफिकेटांच्या त्या ओळीत ते सापडणार नाहीत; तिथं नाव आणि गाव उरलंय, घर पुसलं गेलंय. ते फक्त तुमच्या घरात, तुमच्या शेजारी, तुमच्या भावकीत सापडतील. तेव्हा हे वाचून कागद बाजूला ठेवू नका. तुमच्याकडच्या ज्या पोरीला त्या दिवशी विष्णुपुरीच्या दारातून तोतया म्हणून परत पाठवलं, तिला आज विचारा, रागावून नाही, नीट जवळ बसून विचारा, ती खरी बसायला गेली होती का. ती हो म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवा. लाल पेनड्राइव्ह शोधा, वरचा कागद खरवडू नका, आणि वीस तारखेच्या आत पोरीला सोबत घेऊन किल्लारीच्या स्टँडवर मन्मथच्या दुकानात या.